उजवा कान माझा, डावा तुझा

समुद्राकाठचा उन्हाळी तळ,
जुलै अर्धा सरला

प्रिय बिरेतताईस,

देवाची शांती तुझ्या घरात असो, आणि ओस्लोतल्या सहाव्या मजल्यापर्यंत ती चढत नसेल तर लिफ्टनं येवो. गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी बसवलेला नवा सांधा कुरकुरतो असं तू म्हणालीस, तर त्याला जरा चालव. बसवून ठेवलं की माणूससुद्धा कुरकुरतो. सुकं मांस आणि चीज पोचलं का? चीज कॉफीत घालूनच खा. लेकीच्या घरी ते पावावर लावतात असं ऐकलं, आणि ऐकून फार वाईट वाटलं. जावईबापूंना माझा नमस्कार. मागच्या वेळी फोनवर त्यांनी पुन्हा विचारलं की आपल्या कळपात एकूण रेनडियर किती. त्यांना सांग, टेकडीच्या दोन्ही बाजूंना आहेत. माणूस गुणी आहे, पण आपल्याकडे सख्खा भाऊ भावाला हे विचारत नाही, हे त्यांना आता एकदा समजावून सांग. मी सांगितलं तर लागेल.

इकडे सगळं क्षेम. डास भरपूर आहेत, मासे कमी आहेत, आणि हेइकानं दाढी वाढवली आहे. पाडसांच्या कानांवर मालकांच्या खुणा कापायचं काम झालं. मी ठणठणीत आहे. हे वाक्य जरा सावकाश वाच. माझ्या चिरंजीवांनी तुला फोनवर वेगळं काही सांगितलं असेल तर ते खोटं बोलत नाहीत, त्यांना फक्त कमी दिसतं.

आता मुद्द्याचं. एप्रिलमध्ये तू म्हणाली होतीस, ‘राव्दना, माझं संपलं. मी आता डोंगरावर येत नाही. उरलंसुरलं जनावर काढून टाक आणि आईनं दिलेली कानखूण बंद करायला सांग.’ मी ‘बरं’ म्हणाले. मी ‘बरं’ म्हणते तेव्हा पुढे काय होतं हे तुला लहानपणापासून माहीत आहे, त्यामुळे तू गाफील राहिलीस यात माझा दोष नाही.

तुझी एकच मादी उरली होती, ती पांढऱ्या नाकाची. यंदा ती कळपाबरोबर खाली आलीच नाही. लांडग्यानं नेली, बर्फात बुडाली, कोण काय म्हणत होतं. मग हेइकानं त्याचं ते उडतं यंत्र नदीपलीकडच्या पठारावर पाठवलं, आणि पडद्यावर ती दिसली. आरामात चरत होती, बाजूला पाडस, पाडसाचे दोन्ही कान अखंड. एवढ्यात एका समुद्रगरुडाला यंत्राचा राग आला. त्यानंतर पडद्यावर आभाळ दिसलं, मग पाणी, मग काही नाही. हेइका त्या दिवशी जेवला नाही. मी जेवले.

ताई, अखंड कानाचं पाडस एकदा आईपासून सुटलं की ते कोणाचंच राहत नाही. शरदात सापडलं असतं तर सगळ्या गुराख्यांच्या गटाच्या नावावर गेलं असतं, आणि तुझी खूण त्या म्हातारीबरोबर संपली असती. आईनं दोघींना दोन खुणा दिल्या. त्यातली एक डोंगरावर कुठंच चरताना दिसणार नाही, हे मला सहन होत नाही. हे लिहून टाकते, कारण फोनवर मी असलं काही बोलणार नाही आणि तू ऐकूनही घेणार नाहीस.

तेव्हा मी लाल मोटारसायकल बाहेर काढली. हेइका आडवा आला. म्हणाला, ‘आई, साठी उलटली तुझी. एका म्हातारीला आणायला दुसरी म्हातारी पाठवायची का?’ मी त्याला विचारलं, ‘तुला या गाडीच्या टाकीवर बसवून पहिल्यांदा डोंगर कोणी दाखवला रे? तुझ्या ड्रोननं?’ तो म्हणाला, निदान चारचाकी तरी ने. मी म्हटलं, चारचाकीवर पाहुणे बसतात. मग तो टाकीत पेट्रोल भरायला लागला. (मुलगा वाईट नाही. बापावर गेला आहे, दोन वाक्यांनंतर थकतो.) खांद्यावर जनावर पकडायचा दोराचा फास, कमरेला सुरी, मागे झोपायचं कातडं आणि कॉफीची किटली बांधली. चाप्पे नेहमीप्रमाणे पुढे टाकीवर चढून बसला. या कुत्र्याला गाडीचा गिअर कधी बदलायचा ते हेइकापेक्षा जास्त कळतं. मी उशीर केला तर मान वळवून बघतो.

खडीचा रस्ता संपतो तिथं एक परदेशी पाहुणा भेटला. त्याची मोटारसायकल आपल्या कोठारापेक्षा थोडीच लहान असेल. अंगावर चिलखतासारखे कपडे, डोक्यावर दिवे, हँडलवर दोन नकाशे चमकत होते. त्यानं मोडक्या नॉर्वेजियनमध्ये मोठ्या काळजीनं विचारलं की आजीबाई वाट चुकल्या आहेत का, कारण इथं रस्ता संपतो. मी म्हटलं, ‘तुमचा संपतो, माझा इथून सुरू होतो.’ त्यानं फोटो काढला. मी चेहरा बरा ठेवला. चाप्पेनं ठेवला नाही.

पहिला दगडाळ पट्टा मी असा पार केला की बघायला तू हवी होतीस. त्या दगडांवर गाडी चालवायची म्हणजे बसायचं नाही, उभं राहायचं, गुडघे ढिले आणि नजर पुढे लांब. चाकाकडे बघितलं की चाक फसतं. हे निल्लास भाऊजींना (देव त्यांना शांती देवो) मी किती वेळा सांगितलं, पण ते चाकाकडेच बघायचे, म्हणून त्यांचा पुढचा दात तुला लग्नात अर्धाच मिळाला. मी एकदाही पाय टेकला नाही. एकदा टेकला, पण तो चाप्पेला शिंक आली म्हणून.

दलदलीचं मात्र वेगळं. अगं, तीच ओली खोलगट जागा, जिथं आपण लहानपणी पिवळी बोरं वेचायचो. तिथं हिरवा शेवाळी गालिचा दिसला आणि मला वाटलं, वेगात गेलं की निघून जाऊ. गेलो, पण खाली. गाडी टाकीपर्यंत आत. मी कमरेपर्यंत. चाप्पे टाकीवर बसून होता, बुडत्या होडीचा कप्तान बसावा तसा, आणि माझ्याकडे असं बघत होता की ही चूक माझी. झाड नावाला नाही त्या पठारावर. शेवटी फासाचं एक टोक गाडीला आणि दुसरं लांबच्या खडकाला बांधलं, मागच्या चाकाखाली झोपायचं कातडं सारलं आणि किक मारली. चाकानं कातडं पकडलं, चावलं आणि केसांसकट गरगर फिरवून सगळीकडे फेकलं. पण त्यातच त्याला पकड मिळाली आणि गाडी भुसकन बाहेर आली. नीट बघितलं तर गाडीवर चिखल, चिखलावर रेनडियरचे केस, माझ्यावर तेच, चाप्पेवर तेच. आम्ही तिघं मिळून एक विचित्र जनावर दिसत होतो. मला त्याचं वाईट वाटलं नाही. जी गाडी दलदलीतून एकट्या बाईनं काढली, तिनं कसं दिसायचं ते तिचं तिनं ठरवावं.

नदीला पाणी होतं. हेइका असता तर त्यानं ‘आई, उतार शोधूया’ म्हटलं असतं आणि आम्ही अजून उतार शोधत असतो. मी चाप्पेला खांद्यावर घेतलं आणि गाडी पाण्यात घातली. मधोमध इंजिननं एक घोट घेतला आणि राम म्हटला. ढकलत पलीकडे नेली, आडवी पाडली, प्लग काढला, किक मारली. आतलं पाणी पिचकारीसारखं उडून थेट कुत्र्याच्या तोंडावर. प्लग कोरडा करायला काही कोरडं उरलं नव्हतं, म्हणून टोपीच्या आतल्या बाजूनं पुसला. (तीच टोपी, तू विणलेली. त्या गाडीवर आता तुझाही थोडा हक्क आहे.) पुसून लावला, आणि मग मारलेल्या पहिल्याच किकला ती बोलली. त्या क्षणी मला स्वतःचा इतका अभिमान वाटला की मी मोठ्यानं हसले. आजूबाजूला ऐकायला कोणी नव्हतं, त्यामुळे मनसोक्त हसले.

मादी पठाराच्या टोकाला बर्फाच्या पट्ट्यावर उभी होती, डासांपासून पळून. एरवी ती गाडीचा आवाज ऐकला की डोंगर ओलांडते, स्वभावानं तुझ्यासारखीच. पण आमचा तो केसाळ अवतार बघून ती बुचकळ्यात पडली. नाक वर करून वास घेतला, आणि आपल्यातलंच कोणीतरी म्हातारं, आजारी, गुरगुरणारं जनावर असावं असं समजून उभीच राहिली. मी तिच्याभोवती मोठं वळण घेतलं, पाडस आईपासून थोडं सुटलं, एक हात हँडलवर ठेवून दुसऱ्या हातानं फास फेकला आणि पहिल्याच फेकीत पकडलं. (चाप्पे म्हणेल दुसऱ्या. पहिली अंदाज घ्यायला होती, ती मोजत नाहीत.)

आता नीट ऐक. पाडस गुडघ्याखाली, सुरी हातात, उजवा कान बोटांत. नेमकी तेवढ्यात मागे मऊ शेवाळावर लावलेली गाडी हळूहळू कलायला लागली. टाकीचं झाकण ढिलं, पेट्रोलचा वास आला, चाप्पे उडी मारून भुंकायला लागला. माझी मान तिकडे. आणि हात, ताई, हात इतक्या वर्षांच्या सवयीनं आपला चालत राहिला. मान परत वळली तेव्हा पाडसाच्या उजव्या कानाला मधोमध दुभंग होता. म्हणजे माझी खूण.

कापलेला कान काही परत शिवता येत नाही. डावाही माझा केला असता तर बहिणीच्या मादीचं पाडस राव्दनानं लाटलं असं झालं असतं, आणि मी लबाड असेन, चोर नाही. म्हणून डावा कान मी तुझा केला. मागून दोन खाचा, अगदी आई कापायची तशा. दोन्ही काप इतके सुरेख आले की मी क्षणभर बघतच राहिले. पाडस सोडलं, कानाचे तुकडे खिशात टाकले, गाडी उभी केली, खुरट्या झुडपांच्या काटक्यांवर किटली ठेवली आणि कुत्र्याला खूण मोठ्यानं सांगितली: उजवीकडे दुभंग, डावीकडे मागून दोन खाचा. आणि कॉफीतलं चीज घशात अडकलं. अर्धी माझी, अर्धी तुझी अशी जी खूण तयार झाली होती, ती आधीपासून एका माणसाची आहे. पठारापलीकडच्या गटातल्या इस्सातची.

हो, तोच. नाव वाचून पत्र खाली ठेवू नकोस. तो प्रसंग तुझ्या लेकीला कधी सांगितलास की नाही कोण जाणे. जुन्या रीतीनं मुलगा रेनडियर जुंपलेल्या घसरगाडीतून यायचा, मुलीच्या तंबूभोवती फेऱ्या मारायचा, आणि मुलीनं बाहेर येऊन त्याच्या जनावराचा पट्टा सोडला की होकार. इस्सातनं नुकतीच मोटारसायकल घेतली होती, सगळ्या खोऱ्यात पहिली, आणि तो घमेंडीत त्याच गाडीवरून आला. फेऱ्या मारल्या. तू बाहेर आलीस. सगळी माणसं बघत होती. आता सोडायला पट्टा कुठून आणायचा? तू त्याच्या गाडीभोवती एकदा फिरलीस, वाकून बघितलंस, सोडण्यासारखं काही सापडलं नाही, आणि लाल तोंडानं आत जाऊन बसलीस. तो बापडा पेट्रोल संपेपर्यंत फिरत राहिला आणि मग गाडी ढकलत घरी गेला. पुढच्या हिवाळ्यात निल्लास भाऊजी रीतसर जनावर जुंपून आले. भाऊजी फार चांगले होते, त्यांच्याविरुद्ध माझं काही म्हणणं नाही. इस्सातनं मात्र नंतर कोणाच्याच तंबूभोवती फेरी मारली नाही.

तर माझी कॉफी संपायच्या आत तोच टेकडीवरून उतरला. त्याची मोटारसायकल माझ्या गाडीपेक्षा नवी आहे, पण तो दगडांवरूनही ती बसूनच चालवतो. गळ्यात दुर्बीण. जवळ येऊन थांबला, खाली उतरला नाही, इंजिन तसंच चालू.

‘राव्दना, माझ्या खुणेचं पाडस या बाजूला कसं आलं?’ तो ओरडला.

‘त्याची आई बघ आधी,’ मी ओरडले.

त्यानं दुर्बीण लावली. बराच वेळ लावली. ‘ही तर बिरेतची पांढऱ्या नाकाची,’ असं काहीसं म्हणाला, पण त्या फटफटाटात मला ऐकू येईना. मी उठले आणि त्याच्या गाडीची किल्ली फिरवून इंजिन बंद केलं. ताई, त्या माणसाचा चेहरा असा उतरला की मला त्याला लगेच सांगावं लागलं, ‘घाबरू नकोस, हा पट्टा सोडणं नव्हे. मी राव्दना आहे, आणि मला फक्त ऐकू येत नव्हतं.’

मग तो उतरला, कॉफी घेतली, चीज दोनदा घेतलं. मी झालेलं सगळं सांगितलं. तो हसला नाही, हे त्याचं चांगलं. म्हणाला, ‘रीतीनं पाडस माझं झालं.’ मी म्हटलं, झालं. ‘पण मला तिचं जनावर नको.’ मग बदलून टाकू खूण, मी म्हटलं, सुरी आहे, कान आहेत. त्यानं मान हलवली. ‘अशी कशी बदलणार? मूळ मालकीण समोर पाहिजे. कुंपणात, साक्षीदारांसमोर, मी संमती द्यायची आणि तिनं स्वतः सुरी धरायची. तुझ्या हातात देणार नाही. तुझा हात आत्ताच बघितला.’ हे शेवटचं वाक्य मी त्याला माफ केलेलं नाही आणि करणारही नाही.

पण नंतर तो माझ्या गाडीचा वाकलेला क्लच सरळ करत बसला होता, पाठ माझ्याकडे, आणि तोंडातल्या तोंडात एक जोइक, एकेका माणसासाठी बांधतात तसलं गाणं, गुणगुणत होता. शब्द नव्हतेच, नुसती चाल. चाल तुझी होती. त्यानंच बांधलेली, त्या उन्हाळ्यात. ती जशीच्या तशी आहे, फक्त शेवटी एक उतरती हरकत नवीन घातली आहे, आणि ती बरी वाटते. मी काही बोलले नाही. (ही गोष्ट चाप्पेलासुद्धा खरी वाटली नाही.) उठताना त्यानं सहज विचारल्यासारखं विचारलं, ‘तिचा गुडघा कसा आहे?’ मी म्हटलं, कुरकुरतो.

परतताना तो नदीपर्यंत बरोबर आला, मला वाट दाखवायला म्हणे. नदीपर्यंत पुढे मीच होते. दलदल या वेळी मी वळसा घालून टाळली. ते शहाणपण होतं, भीती नव्हती. तळावर पोचले तेव्हा हेइका बाहेर उभा होता. त्यानं गाडीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि विचारलं की यातली आई कुठली. मग न सांगता पाणी तापवून दिलं. मी म्हणते ना, मुलगा वाईट नाही.

बाकी विशेष काही नाही. लेकीला गोड पापा, जावईबापूंना टेकडीच्या दोन्ही बाजूंकडून नमस्कार. स्वतःला जप.

तुझी धाकटी,
राव्दना

ता. क. सप्टेंबरमध्ये कळप कुंपणात येईल तेव्हा तू यायचं आहेस. हे सांगायलाच पत्र लिहायला घेतलं होतं, मध्ये इतर गोष्टी आल्या. गुडघ्याची सबब चालणार नाही. रस्ता संपतो तिथपर्यंत लेक तुला गाडीनं आणेल, पुढे मी आहे. मागच्या सीटवर नवीन जाड कातडं घातलं आहे आणि तुझा पाय टेकवायला हेइकाकडून वेगळी पट्टी लावून घेतली आहे. खूण बंद करायला मी अजून कोणाला सांगितलेलं नाही. पाडस वादात असताना ती बंद तरी कशी होणार?

आणखी एक ता. क. इस्सात आज पुन्हा येऊन गेला. बिरेत काय म्हणाली, असं विचारत होता. पाडसाबद्दल, अर्थात. दाढी केलेली होती.

शेवटचं. पत्र पाकिटात घालायला हेइकाकडे दिलं तर त्यानं ते वाचून काढलं, आणि चेहरा लांब करून म्हणाला, ‘आई, आता खरंच तुझा हात राहिला नाही. पुढच्या वर्षी सुरी माझ्याकडे दे.’ म्हणून नाइलाजानं पाकीट उघडून हे लिहिते आहे. इस्सातला कळू देऊ नकोस. परकर सावरता येत नव्हता तेव्हापासून मी कान कापते आहे. हिमवादळात कापले, तापात कापले, हाच हेइका पोटात लाथा मारत असताना कापले. या आयुष्यात माझ्या हातून एकही खूण चुकलेली नाही. हीसुद्धा नाही.